ज्यूक्सचं खानदान आणि आमच्या मामांचा फॉरवर्ड

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज दर दोन-चार महिन्यांनी येतोच. अमेरिकेत दोन माणसं होती म्हणे, एक मॅक्स ज्यूक्स, नास्तिक आणि दारुडा, त्याचे 1200 वंशज आणि त्यात चोर, भिकारी, वेश्या, खुनी असं सगळं, सरकारला साडेबारा लाख डॉलरचा भुर्दंड. दुसरा जोनाथन एडवर्ड्स, देवभक्त, त्याचे 1400 वंशज, त्यात 13 कॉलेजांचे प्रेसिडेंट, 65 प्रोफेसर, 30 जज, एक उपराष्ट्राध्यक्ष. खाली हात जोडलेले आणि "मुलांवर संस्कार करा". परवा मामांनी परत टाकला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकते.

तर पहिलं म्हणजे मॅक्स ज्यूक्स या नावाचा माणूस झालेलाच नाही. 1874 मधे रिचर्ड डगडेल नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या तुरुंगांची पाहणी करत होता, एका तुरुंगात त्याला सहा जण असे भेटले की आडनावं चार, पण सगळे एकमेकांच्या नात्यातले. मग तो त्या घराण्याच्या मागेच लागला, जुनी दप्तरं काढली, म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरला आणि 1877 मधे पुस्तक काढलं. "ज्यूक" हे नाव त्याने स्वतः बनवलेलं, लोकांची ओळख लपवायला, आणि त्या एका नावाखाली त्याने 42 आडनावांची माणसं घातलीयत. बरं, हे टोपणनाव त्याने दिलं सहा बहिणींना! मॅक्स वेगळाच, जुन्या डच वसाहतवाल्यांचा वंशज, शिकार करायचा, मासे मारायचा, भरपूर प्यायचा, गप्पिष्ट, म्हातारपणी आंधळा झाला. त्याच्या दोन मुलांनी त्या बहिणींपैकी दोघींशी लग्नं केली, एवढाच त्याचा संबंध. म्हणजे सासऱ्याला सुनेचं माहेरचं आडनाव चिकटवलंय आणि वर तिच्या बहिणींची सगळी पिलावळही त्याच्याच खात्यात टाकलीय. नास्तिक वगैरे तर नंतरची फोडणी, डगडेलने केलेल्या वर्णनात देवाधर्माचा विषयच नाही.

1200 चं काय, तर डगडेलला प्रत्यक्षात सापडले 709, त्यातले रक्ताचे 540, बाकी 169 लग्नाने नाहीतर तसेच एकत्र राहून आलेले. 1200 हा त्याचा अंदाज आणि तो डॉलरचा आकडा म्हणजे 75 वर्षांच्या खर्चाचा अंदाज, बसून केलेला हिशोब. आणि गंमत अशी की तो माणूस "रक्तच वाईट" एवढंच म्हणून थांबला नव्हता, परिस्थिती बदलली, पोरांना वेळेवर शिक्षण आणि कामधंदा मिळाला तर माणसं बदलतात असंही त्याने लिहिलंय. ते फॉरवर्डमधे कोण टाकणार.

एडवर्ड्सशी जोडी लावली 1900 मधे विनशिप नावाच्या एका संपादकाने, मुळात या दोन घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एडवर्ड्स हा मोठा धर्मोपदेशक होता हे खरंच, पण मेसेजमधला उपराष्ट्राध्यक्ष कोण माहितीये का? त्याचा नातू आरन बर, ज्याने पदावर असताना 1804 मधे द्वंद्वयुद्धात अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला गोळी घातली आणि 1807 मधे देशद्रोहाच्या खटल्यात उभा राहिला (सुटला, पण तरी). लहानपणीच आईबाप गेले म्हणून मामाने वाढवला होता त्याला, एडवर्ड्सच्याच मुलाने, म्हणजे घरचे संस्कार पुरेपूर. आता वरच्या पिढीकडे बघा. एडवर्ड्सची आजी एलिझाबेथ टटल, आजोबांनी व्यभिचाराचा आरोप करून तिच्याशी काडीमोड घेतला, तिच्या एका भावाने सख्ख्या बहिणीचा कुऱ्हाडीने खून केला आणि फाशी गेला, दुसऱ्या एका बहिणीने पोटच्या मुलाला मारलं. खाण तशी माती म्हणायचं तर ही खाण कुणाची? आणि एडवर्ड्सने स्वतः 1731 मधे व्हीनस नावाची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती, ते कुठल्या कॉलममधे टाकायचं?

शिवाय एडवर्ड्स येल कॉलेजात शिकलेला, जावई प्रिन्स्टन कॉलेजचा प्रेसिडेंट, त्याच्यानंतर एडवर्ड्स स्वतःच, नातू टिमथी ड्वाइट येलचा प्रेसिडेंट. सगळी दारं आतून उघडणारी माणसं घरातलीच असली की प्रोफेसर निघणारच हो. आणि पणतूला आठ पणजी-पणजोबा असतात, त्यातल्या एकालाच सगळं क्रेडिट कसं देता?

मामांचं यावर उत्तर आलं, "असू दे गं, मेसेज तर चांगला आहे ना." नाही मामा, तिथेच तर लोच्या झालाय. पुढे आर्थर एस्टाब्रुक नावाच्या संशोधकाने 1916 मधे ज्यूक्सचा नवा अभ्यास छापला. ज्यूक्ससारख्या गोष्टींमुळे "वाईट रक्त" ही कल्पना तिकडे इतकी रुजली की नसबंदीचे कायदे झाले आणि 60 हजारांवर लोकांची जबरदस्तीने नसबंदी झाली. 1924 मधे व्हर्जिनियात कॅरी बक नावाच्या मुलीच्या नसबंदीच्या केसमधे हाच एस्टाब्रुक साक्षीला उभा राहिला आणि तिच्या सातआठ महिन्यांच्या बाळाबद्दल सांगितलं की बुद्धीने सरासरीपेक्षा कमी आहे. 1927 मधे सुप्रीम कोर्टाने नसबंदीला मान्यता दिली आणि कॅरीचं ऑपरेशन झालं. ती बाळ, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली, हुशार मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि आठ वर्षांची असताना आजारपणात गेली.