‘वोडन’ हा ‘ओडिन’चा अपभ्रंश? – एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रजांचा वोडन आणि नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या (स्कँडिनेव्हियाच्या समुद्री लुटारूंच्या) जुन्या भाषेतला ओडिन, ही देवाची दोन नावं एकाच जुन्या शब्दापासून आपापल्या वाटेने आली, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती. उत्तर मुद्दाम सकाळी लिहितेय, कारण रात्री लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मुख्य वाक्य जसंच्या तसं देते: “इंग्रजांचा वोडन हा व्हायकिंगांनी आणलेल्या ओडिनचाच अपभ्रंश आहे, हे शेंबडं पोरही सांगेल, त्यासाठी तारे लावून शब्द रचायची गरज नाही.” पुढे आणखी चार-पाच मुद्दे आहेत आणि शेवटी ‘इंटरनेटवरची उचलेगिरी’ हे प्रशस्तिपत्रक.

आधी त्या शेंबड्या पोराबद्दल. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे धडे गिरवले तेव्हापासून मी या भाषांच्या नादाला लागले आहे. नंतर शिकवलं, काही वर्षं झुरिकला राहिले. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला नाही नाही ते प्रश्न विचारले, पण ‘हे तर कुणीही सांगेल’ असं एकही जण म्हणाला नाही. मतभेद असू द्यात हो. लेखावर टीका करायला कुणाची ना नाही. पण समोरचा माणूस काहीतरी वाचून लिहीत असेल, एवढं गृहीत धरायला काय हरकत आहे?

आता मुद्दा. बीड हा इंग्रज मठवासी इ.स. 731मध्ये लिहून ठेवतो की हेंगिस्ट आणि होर्सा हे इंग्रजांचे दंतकथेतले आद्य सरदार वोडनचे वंशज. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली 793मध्ये. मूळ शब्द गावात यायच्या साठ वर्षं आधीच त्याचा अपभ्रंश वहीत चढला, असं आपलं म्हणणं आहे का?

तारखा राहू द्या, नुसता ‘व’ बघा. इंग्रजी वुल्फ, वर्ड, वूल. जर्मन वोल्फ, वोर्ट, वोल्ल. नॉर्समध्ये हेच शब्द उल्फ्र, ओर्द, उल्ल होतात. पुढे ओ किंवा उ असला की नॉर्समधला सुरुवातीचा ‘व’ गळतो, आणि त्याच नियमाने मूळच्या ‘व’वाल्या नावाचा ओडिन झाला. गळलेला ‘व’ इंग्रजांनी ओडिनला पुन्हा नेमका जागेवर चिकटवला, आणि जर्मनांनीही त्यांना न विचारता तेच केलं, असं मानायचं असेल तर माझा नाइलाज आहे. आपलं ‘शेत’ हा हिंदी ‘खेत’चा अपभ्रंश नव्हे. दोन्ही ‘क्षेत्र’पासून आपापल्या वाटेने आले. माशी-मक्खी, कूस-कोख यांचंही तेच. इथेही तसंच आहे.

फरक इतकाच की आपल्याकडे ‘क्षेत्र’ लिहिलेलं सापडतं आणि तिकडे मूळ रूप ताडावं लागतं. म्हणून तो तारा: लिहिलेल्या न सापडलेल्या, ताडलेल्या शब्दाआधी लावायची खूण. पण त्या ताऱ्याची एवढी टर उडवायची तर डेन्मार्कच्या जटलंडमधल्या दोन वस्तू बघून मग उडवा. विन्डेलेव गावाजवळ 2020मध्ये सोन्याचा साठा मिळाला. त्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चकतीवर ‘तो वोडनचा माणूस’ अशा अर्थाची रून, म्हणजे जुन्या जर्मानिक लिपीतली, अक्षरं आहेत. 2023मध्ये त्यांचं वाचन जाहीर झालं, आणि तिथे ‘व’ स्वच्छ आहे. दुसरी वस्तू रीब गावची: माणसाच्या कवटीचा तुकडा, 725च्या आसपासचा. त्यावर ओळीने ‘उल्फुर’ आणि ‘उदिन’. लांडगा आणि देव, दोघांचाही ‘व’ एकदमच गेलेला! डेन्मार्कच्याच मातीत ‘व’ आधी होता आणि मग गेला, याहून जास्त पुरावा कुठून आणू?

आणि झुरिकच्या माझ्या घरमालकीणबाई मंगळवारला ‘त्सीश्टिग’ म्हणायच्या. त्यात ‘त्सिऊ’ आहे, म्हणजे नॉर्सचा टिर हा देव, जुन्या इंग्रजीतला टिव. इंग्रजी टेनचं जर्मनमध्ये त्सेन होतं, तसाच टिवचा त्सिऊ. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी जिन्यात ऐकलंय. आल्प्सच्या पोटात ते नाव पोचवायला कोणता व्हायकिंग गेला होता, तेवढं सांगा.

एक गोष्ट आपली बरोबर आहे, आणि ती मी मोकळेपणाने मान्य करते. इंग्रजी थर्झडेमध्ये ‘न’ नाही. जुन्या इंग्रजीत मेघगर्जनेचा देव थुनोर होता, जर्मन डोनर्सटागमध्ये ‘न’ अजून आहे. इंग्रजीतला ‘न’ गळण्यात नॉर्स थोर्सडागचा हात असू शकतो. पण एका वाराचं वळण म्हणजे देवाचं अख्खं नाव उसनं, असं होत नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘वोडन म्हणजे बुद्ध’ हा मोह अठराव्या शतकातल्या संस्कृतपंडित विल्यम जोन्ससाहेबांनाही झाला होता, तेव्हा आपण एकटे नाही. बुधवार आणि वेन्सडे जुळतात ते एकाच ग्रहामुळे: रोमनांचा मर्क्युरी तिकडे वोडन झाला, इकडे तोच ग्रह बुध. जर्मनांनी तर देवाला वारातून काढून ‘मिटवोख’, म्हणजे आठवड्याचा मधला दिवस, करून टाकलं. राहता राहिला ‘नाव एक म्हणून देव एकच कशावरून? टॅसिटसचा मर्क्युरी आणि स्नोरीचा ओडिन यांच्यात अकराशे वर्षांचं अंतर आहे’ हा प्रश्न. (टॅसिटस हा रोमन इतिहासकार, स्नोरी हा तेराव्या शतकातला आइसलँडचा लेखक.) लेख नावांवर होता, पूजेअर्चेवर नव्हता. त्यात शिरायची ही जागा नाही. ‘मराठी माणसाला याचं काय’ याला तर उत्तरच देत नाही. आपण एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणजे तुम्हाला तरी काहीतरी होतं.

आणि उचलेगिरी कुठून केली, त्याची लिंक द्या. एक जरी परिच्छेद जुळला तर लेख काढून टाकीन. तोवर तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवतेय, शेंबड्या पोरासकट.