उडता येऊ लागल्यावर घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या अंगी अचाट शक्ती आली आहे. कोळी चावला, प्रयोगशाळेत काहीबाही अंगावर सांडलं की मुळात जन्मच परग्रहावरचा, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. तुम्ही उडता, भिंतीपलीकडचं पाहता, रणगाडा एका हाताने उचलता. आता जगाचं भलं केल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही, हेही ओघाने आलंच.

अडचण एवढीच की प्रेक्षक हल्ली फार बिघडलेत. आकाशात माणूस उडताना दिसला की हरखून बोट दाखवायचं सोडून विचारतात, हा चुकला तर याला खाली कोण उतरवणार? तुम्ही कुणाला वाचवलंत हे ऐकून घेण्याआधीच मंडळी 'हुकूमशाही'वर येऊन ठेपतात. त्यांना पेहरावही पुरतो. गुडघ्यापर्यंतचे बूट, छातीवर स्वतःचंच चिन्ह, वाऱ्यावर फडफडणारा झगा आणि उभं राहायला नेहमी सगळ्यात उंच इमारतीची कड. असल्या कृतघ्न लोकांचं कल्याण करायचं, तर थोडी खबरदारी घ्यायलाच हवी.

आधी घराण्याचा इतिहास झाकून ठेवा. 'सुपरमॅन' हे नाव क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी पहिल्यांदा वापरलं ते १९३३ साली, आणि तो सुपरमॅन चक्क खलनायक होता. फुकटच्या पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका कंगाल माणसावर एक शास्त्रज्ञ रसायनाचा प्रयोग करतो, त्याला दुसऱ्यांच्या मनातलं कळू लागतं आणि लगेच तो जगावर राज्य करायच्या मागे लागतो. पाच वर्षांनी, जून १९३८ ही तारीख छापलेल्या अंकात, त्याच दोघांनी त्याच नावाचा नायक आणला. अफाट ताकद एकाच माणसाच्या हाती आली तर काय होईल, याचं त्यांना आधी सुचलेलं उत्तर वेगळं होतं. दुसरं उत्तर खपलं.

मधल्या काळात बदललं काय, तर सुपरमॅनचं मन. ते मन चांगलं आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? लेखकाने. म्हणून आमचा सगळ्यात मोलाचा सल्ला असा की झगा नंतर शिवा, आधी लेखक नेमा. १९३८च्या त्या पहिल्याच गोष्टीत सुपरमॅन रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, अडवणाऱ्या नोकराला उचलतो, झोपायच्या खोलीचं पोलादी दार उखडतो आणि एका बाईचा मृत्युदंड थांबवायला लावतो. ती बाई निर्दोष असते. खरी खुनी बाहेर बांधून ठेवलेली असते आणि तिचा कबुलीजबाबही त्याच्या हातात तयार असतो (खिसा नाही, म्हणून हातात). समजा, लेखक नसता आणि अंदाज चुकला असता, तर हीच हकिगत गव्हर्नरच्या घरावर रात्रीचा हल्ला म्हणून छापून आली असती. दार दोन्ही वेळा तितकंच मोडलं असतं.

लेखक चांगला मिळाला की काय काय करता येतं पाहा. जानेवारी १९३९च्या अंकात सुपरमॅनच्या ध्यानात येतं की गरीब वस्तीतली पोरं वाया जातात याला ती वस्तीच जबाबदार आहे. निदान बरोबर. आता उपाय. वादळाने गाव उद्ध्वस्त झालं की सरकार तिथे नवी घरं बांधून देतं, हे त्याच्या वाचण्यात आलेलं असतं. मग तो स्वतःच वादळ होतो. रहिवाशांना सामानसुमान घेऊन बाहेर पडायला लावतो आणि इमारतींमागून इमारती पाडत सुटतो. सरकार फौज पाठवतं, विमानं बॉम्ब टाकतात, त्याने पाडापाडीला हातभारच लागतो. शेवटी तिथे नव्या, स्वच्छ इमारती उभ्या राहतात. पोलीसप्रमुख चारचौघांत त्याला पकडायच्या गोष्टी करतो आणि खासगीत खूश असतो.

मधल्या काळात ती माणसं झोपली कुठे? नव्या घरांचं भाडं किती? जुनीच मंडळी तिथे राहायला आली की दुसरी कुणी? हे सगळं कॉमिक्सच्या दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत राहून गेलं. तुम्हीही अशीच कामं घ्या. एका चौकटीत पाडा, दुसऱ्या चौकटीत बांधा, आणि उरलेलं त्या पट्टीत ढकला. पट्टी अरुंद दिसते, पण तिच्यात अख्खी वस्ती मावते.

ही गोष्ट वाचताना मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? बैठक, निविदा, हरकती, सूचना, पुढची तारीख, त्या तारखेला साहेब रजेवर, हे सगळं एका ठोशात संपलेलं पाहून कुणाला बरं वाटणार नाही? प्रेक्षकांचा संशयही, माझ्या मते, तिथेच जन्माला आला. त्यांना तुमची भीती नंतर वाटली. आधी त्यांना स्वतःलाच एवढं बरं का वाटलं, याचं आश्चर्य वाटलं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट पाठच करून ठेवा. बेदरकार गाडी चालवणाऱ्याने एक ओळखीचा माणूस मारला म्हणून सुपरमॅन रेडिओ केंद्रात घुसून शहरातल्या तमाम बेफिकीर चालकांविरुद्ध युद्ध पुकारतो. पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्या चुरडतो, निकृष्ट गाड्या बनवणारा कारखाना मोडून टाकतो, महापौराला उचलून शवागारात नेतो. महापौराचे डोळे उघडतात आणि नियम कडक होतात. शेवटच्या चौकटींत क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅनच, बाहेर येऊन पाहतो, तर चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल पोलीस त्याच्याच नावाने दंडाची चिठ्ठी फाडतोय! जो कारखाना पाडतो त्याला कायदा सापडत नाही. तोच चष्मा लावून रस्त्यावर आला की लगेच सापडतो. हे पथ्य सांभाळा. कायद्याला सापडायचंच असेल तर चष्मा लावून सापडा.

अर्थात हा असला आवेश फार दिवस टिकवू नये. पुढच्या सुपरहिरोंनी कामाची व्याप्ती शहाणपणाने कमी केली. उंबेर्तो एको या इटालियन विद्वानाने १९६२ साली नेमकं त्यावर बोट ठेवलं: जो जगाची भूक मिटवू शकेल, तो एका शहरात बसून बँका लुटणाऱ्यांना पकडतो, जणू जगातलं एकमेव पाप म्हणजे दुसऱ्याच्या पैशाला हात लावणं. टीका म्हणून हे ठीक आहे, पण तुमची पंचाईत बघा. मोठं काम करावं तर हुकूमशहा, लहान करावं तर तिजोरीचा रखवालदार. बोलणी दोन्हीकडून खायचीच असतील, तर दगदग कमी असलेलं काम निवडा.

शत्रू मात्र पारखून घ्यावा. फेब्रुवारी १९४०मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाच्या दोन पानांत सुपरमॅनने हिटलरला आणि स्टालिनला मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभं केलं. एप्रिलमध्ये एसएस या हिटलरच्या सशस्त्र संघटनेच्या साप्ताहिकाने सीगलला त्याच्या ज्यू असण्यावरून शिव्या घातल्या. हुकूमशहा नसल्याचं यापेक्षा भारी प्रमाणपत्र कुठे मिळणार? ते जपून ठेवा, आणि कुणी शंका काढली की दाखवा. फक्त त्या दोन पानांतला एक तपशील सारखा उगाळू नका: त्याने दोघांना उचललं खरं, पण ठोसा मारून मोकळा झाला नाही, न्यायासनापुढे नेऊन सोडलं. ती सवय पुढच्यांना परवडली नाही.

सरकारशी जमवून घेतलंत तर उत्तमच. १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःसाठी जी आचारसंहिता केली, तिच्यात पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याबद्दल अनादर वाटेल असं चित्रण करू नये, असं कलमच होतं. गव्हर्नरचं दार मोडणारा माणूस सोळा वर्षांत एवढा सुधारला.

आता पाळतीचा विषय. २००८च्या चित्रपटात बॅटमॅन शहरातल्या झाडून सगळ्या मोबाइल फोनांचे कान स्वतःकडे जोडून घेतो. त्याचा सहकारी लुशियस फॉक्स म्हणतो, ही एका माणसाच्या हाती फार मोठी सत्ता झाली. एवढ्या वेळेपुरतं करतो, मग मी चाललो. जोकर सापडतो, यंत्र जळून खाक होतं, सहकारी समाधानाने हसतो. शिकण्यासारखा प्रसंग आहे. आधी यंत्र वापरायचं, मग मोडायचं, म्हणजे वापरल्याचा फायदाही पदरात आणि मोडल्याचं पुण्यही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं कुणी पुटपुटलं तर त्याचा फोन तुमच्याकडे जोडलेलाच आहे.

सह्या करू नका. २०१६च्या चित्रपटात ११७ देश एकत्र येऊन सुपरहिरोंना सांगतात की यापुढे आमच्या परवानगीने जा. कॅप्टन अमेरिका नकार देतो, कारण सर्वांत सुरक्षित हात आपलेच. हे वाक्य पाठ करायला हरकत नाही. कुंपणाने शेताशी बोलताना म्हणायला बरं आहे.

एवढं करूनही लोक होमलँडरचं नाव काढतीलच. 'द बॉइज' मालिकेतला हा गृहस्थ म्हणजे झगा घातलेलं पिसाळलेलं पोर. २०२२मध्ये दाखवलेल्या एका भागात त्याच्या मुलाला गर्दीतल्या एकाने काहीतरी फेकून मारलं, म्हणून तो त्या माणसाचं डोकं नजरेच्या किरणांनी भर रस्त्यात उडवतो. क्षणभर सन्नाटा. मग त्याच्या समर्थकांच्या गर्दीतून एक आरोळी उठते आणि सगळे जल्लोष करू लागतात. होमलँडरच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरतं. तोवर बिचारा उगाच घाबरत होता की लोकांना कळलं तर काय! तुम्हीही असेच घाबरत असाल. लेखक मिळाला नाही तर गर्दीवरही भागतं, आणि गर्दीला मानधनही द्यावं लागत नाही.

भक्तांकडे मात्र लक्ष असू द्या. पनिशर हा बंदुका घेऊन स्वतःच न्याय करणारा, कायद्याच्या दृष्टीने सरळसरळ गुन्हेगार. तरी २०१७मध्ये केंटकीतल्या एका छोट्या गावच्या पोलिसांनी त्याचं कवटीचं चिन्ह आपल्या गाड्यांवर लावलं, आणि ओरड झाल्यावर काढलं. २०१९च्या एका कॉमिक्समध्ये खुद्द पनिशरच असं चिन्ह फाडून पोलिसांना सांगतो की आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिकाचा घ्या. थोडक्यात, खुनी माणसालाही जे कळतं ते गणवेशातल्याला समजावून सांगावं लागतं. तुम्ही समजावू नका. चिन्हाचे हक्क विका.

राहता राहिला निवृत्तीचा प्रश्न. जुन्या रोमची पद्धत अशी की संकट आलं की कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, एकाला 'डिक्टेटर' नेमायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. ख्रिस्तपूर्व ४५८मध्ये सिनसिनाटस नावाच्या माणसाला शेतातून बोलावून नेमलं, त्याने शत्रूला हरवलं आणि सोळाव्या दिवशी पद सोडून तो पुन्हा शेतावर गेला. सीझरने ख्रिस्तपूर्व ४४मध्ये तेच पद तहहयात करून घेतलं. प्रेक्षक तुमच्याकडे पाहताना मनात दिवस मोजत असतात. तेव्हा राजीनामा आत्ताच लिहून जवळ ठेवा. हवं तर पोशाखाला एक खिसा शिवून घ्या. नमुना देत आहोत.

"प्रति, ........ विषय: पदमुक्त करणेबाबत. महोदय, आपण दिनांक ........ रोजी जगाच्या रक्षणासाठी माझी नेमणूक केली होती..."

त्या 'प्रति'पुढे कुणाचं नाव घालायचं, हे आम्ही बरंच शोधलं. तूर्त ती जागा कोरी ठेवा, तारखेचीही. खालची सही मात्र ठसठशीत करा.