बंद स्पीडोमीटरची स्कूटर आणि खोटं बोलणारा काटा

नमस्कार,

‘बिघडलेल्या यंत्रांवरच्या लेखात तुम्ही वैमानिकांना पाठीशी घातलंत. समोर तीन-तीन काटे असतात, एक बिघडला तर उरलेले दोन बघावेत. माझ्या स्कूटरचा स्पीडोमीटर बंद आहे, तरी रोज म्हापशाहून पणजी गाठतो,’ असं तुम्ही लिहिलंत. रोखठोक लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पर्वरीच्या उतारावर वेग तुम्हाला रस्ताच सांगतो. पावसाळ्यातल्या रात्री दाबोळीहून पश्चिमेला उड्डाण केलं की थोड्याच वेळात खाली काळा समुद्र, वर काळे ढग. क्षितिज नाहीच. विमान हळूहळू कलत गेलं तर कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ते कळतही नाही. 1 जानेवारी 1978 च्या रात्री वांद्र्याजवळच्या समुद्रावर एअर इंडियाच्या बोइंग 747 विमानाचं हेच झालं. कॅप्टनचा कृत्रिम क्षितिजदर्शक, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, विमान उजवीकडे कललेलं दाखवत अडकला, म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळवलं आणि ते कलतच गेलं. फ्लाइट इंजिनियरने ‘त्यावर जाऊ नका’ असं बजावलं, पण तोवर उशीर झाला होता. 213 जण गेले.

तुमचा काटा शून्यावर पडून आहे, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघत नाही. विमानातला बिघडलेला काटा मात्र पटेल असा आकडा दाखवतो. दाराच्या कुलपाच्या भोकात कुंभारीण माशी चिखल भरते ना, तसंच पिटो नळीत होतं. ही नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते, त्यातून बाहेरच्या हवेचा स्थिर दाब वजा केला की वेग मिळतो. नळी आणि तिचं निचऱ्याचं भोक दोन्ही बुजली की आतला दाब कोंडतो. विमान चढतं तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा सांगतो, ‘वेग वाढतोय’. 6 फेब्रुवारी 1996 ला डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पोर्तो प्लाताहून निघालेल्या, बिर्गेनएअर या तुर्की कंपनीच्या बोइंग 757 मध्ये ऑटोपायलट याच आकड्यावर चालत होता. त्याने वेग ‘आवरायला’ नाक वर केलं. खरा वेग मात्र संपत होता. नळीत बहुधा कुंभारणीचंच घर होतं.

आता ‘उरलेले दोन’. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला पेरू देशातल्या एरोपेरू कंपनीच्या 757 वर, विमान धुताना स्थिर दाबाच्या भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. वेग आणि उंची दोन्ही याच दाबावरून काढतात. उगमच बुजल्यावर तुलना कशाशी करणार? लिमाच्या नियंत्रकाने सांगितलेली उंचीसुद्धा विमानानेच पाठवलेली होती! पंख पाण्याला लागला तेव्हा उंचीमापकावर सुमारे 9,700 फूट होते. खरं बोलत होता तो फक्त रेडिओ उंचीमापक, कारण तो पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी मोजतो.

इशाऱ्यांचंही तसंच. 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 च्या पिटो नळ्यांत बर्फ साचला. आकडे मिनिटाच्या आत सुधारले, पण तोवर नाक वर ओढलं गेलं होतं. मोजलेला वेग 60 नॉट्सखाली (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला की यंत्रणा तो आकडा अवैध धरते आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचा, इशारा थांबतो. नाक खाली केलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग 60 च्या वर जाई आणि इशारा पुन्हा सुरू होई. चुकलं की शांतता, सुधारलं की आरडाओरडा. अशा वेळी माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

म्हणून आकड्यांचा पिच्छा सोडून नाकाचा कोन आणि इंजिनाची शक्ती धरायची असते. एअरबसवर ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे धरायचं ते पडद्यावर सुचवणाऱ्या रेषा) बंद करायचे. उड्डाणानंतर लगेच 15 अंश आणि पूर्ण शक्ती, त्यानंतर 10,000 फुटांखाली 10 अंश, त्यावर 5 अंश आणि दोन्हीकडे चढाईची शक्ती. बोइंग 737 वर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या सरकत्या पट्ट्या, आत असतील तर 4 अंश आणि 75 टक्के एन-वन, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या पंख्याची गती. हे पाठच हवं. त्या क्षणी पुस्तक उघडायला वेळ नसतो.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. धावपट्टीवर 80 नॉट्सला हाक देऊन दोन्ही वेगमापक ताडून बघायचे असतात. बिर्गेनएअरच्या कॅप्टनला आपला काटा चालत नाही हे तिथेच, जमिनीवर असताना कळलं होतं. विमान थांबवायला पुढे धावपट्टी शिल्लक होती, आणि तरी ते उडाले. 189 जण होते त्या विमानात.