या कार्डावरचं त्या कार्डावर

माझ्याकडे एकाच बँकेची दोन क्रेडिट कार्डं आहेत. एक व्हिसाचं, त्यावर ३ लाखांची लिमिट. दुसरं रुपेचं, त्यावर २० हजारांची. व्हिसाचं कार्ड विमानाच्या तिकिटाला किंवा फ्रिजने मान टाकली तरच पाकिटाबाहेर येतं. रुपेच्या कार्डाला मात्र उसंत नसते, कारण यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचं तर ते रुपेचंच लागतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ही सोय केली आणि तेव्हापासून किराणा, औषधं, पेट्रोल, केशकर्तन असे दिसतील ते काळे-पांढरे चौकोन आम्ही त्याच कार्डाने स्कॅन करत आलो. फक्त भाजीवाल्या मावशींकडे ते चालत नाही. त्यांचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या बचत खात्याचा आहे आणि यूपीआयवर क्रेडिट कार्डातून दुकानदाराला पैसे देता येतात, कुणाच्या मुलाला नाही.

व्हायचं ते होतं. महिना अर्धा सरेपर्यंत २० हजार संपतात. वाण्याच्या काउंटरवरचा तो बोलका डबा, जो माझ्या पुढच्या माणसाचे साडेबारा रुपयेसुद्धा खणखणीत आवाजात जाहीर करतो, तो माझ्या वेळेला मुका होतो. रांगेतले लोक आधी डब्याकडे बघतात, मग माझ्याकडे. खिशात ३ लाखांची पत आणि हातात तूरडाळीची पिशवी घेऊन मी ‘नेटवर्क नाही वाटतं’ असं पुटपुटतो. नेटवर्क असतं. सगळ्यांना दिसत असतं.

तेव्हा व्हिसावरचे ५० हजार रुपेवर टाकून घ्यावेत असं ठरवलं. बँक तीच, माणूस तोच, पॅन नंबर तोच. बँकेची जोखीम एका पैशाने वाढत नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, मी अंथरूण वाढवून मागत नव्हतो. हॉलमधली एक गादी आतल्या खोलीत टाका, एवढंच म्हणत होतो.

आधी ॲप उघडलं. त्या ॲपमध्ये कार्ड गोठवता येतं, वितळवता येतं, परदेशात चालू-बंद करता येतं, खर्चाचे हप्ते पाडता येतात, सोनं घेता येतं, विमा तर न मागता समोर येतो. ‘लिमिट’ या सदराखाली एक सरकपट्टी होती. ती डावीकडे जात होती, उजवीकडे नाही. म्हणजे स्वतःची पत स्वतःच्या बोटाने कमी करायची पूर्ण मोकळीक. चॅटबॉटला विचारलं, ‘एका कार्डावरची लिमिट दुसऱ्या कार्डावर कशी न्यायची?’ तो म्हणाला, ‘मला समजलं! तुम्हाला दुसरं कार्ड हवं आहे.’ आणि अर्जच पुढे केला.

मग फोन. आधी भाषा निवडायची. मराठीचा आकडा सर्वांत शेवटी येतो आणि तो दाबला, की पुढचं सगळं हिंदीत सुरू होतं. मग कार्डाचे सोळा आकडे दाबायचे. पंधरावा दाबेपर्यंत स्क्रीन काळी होते, कारण फोन कानाला लागलाय असं फोनला वाटतं. मग जन्मतारीख. मग ‘कार्ड हरवलं असेल तर १, बिलासाठी २, कर्जासाठी ३, विशेष ऑफरसाठी ४’. माझ्या कामाला आकडाच नव्हता. ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी’ हा पर्याय पूर्वी ९ वर असायचा, तो काढून टाकलेला. मधूनमधून एक बाई सांगत होत्या, की माझा कॉल त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. आवाजातला जिव्हाळा दर वेळी तोच, मात्रेचाही फरक नाही.

शेवटी कंटाळून १ दाबला. हरवलेल्या कार्डाला माणूस ताबडतोब मिळतो, हे या निमित्ताने कळलं.

“सर, आपका कार्ड कहाँ गुम हुआ?”

“हातात आहे,” मी म्हणालो. “दोन्ही हातात आहेत.”

त्याने ‘आपकी समस्या मैं समझ सकता हूँ’ वगैरे म्हणून मला होल्डवर टाकलं. पुष्कळ संगीत झालं. परत आला तेव्हा त्याच्याकडे एक तर्कशास्त्र होतं, आणि खरं सांगतो, त्या तर्कशास्त्रापुढे मी आजही हात जोडतो. रुपे कार्डावर लिमिट वाढणार नाही, का? तर त्या कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जोखीम जास्त. व्हिसावर एवढी लिमिट का? तर तिथे वापर जवळजवळ नाहीच, म्हणजे ग्राहक उत्तम. थोडक्यात, मला जिथे गरज नाही तिथे पैसे आहेत, कारण तिथे गरज नाही. जिथे गरज आहे तिथे नाहीत, कारण तिथे गरज आहे. सगळे जाणते लोक सांगतात, की लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा, पत मोजणारा सिबिल स्कोअर चांगला राहतो. त्यासाठीच तर मी ५० हजार हलवायला निघालो होतो. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “बिलकुल सही कहा सर. और कोई सहायता?”

माझे वडील वाण्याच्या उधारीच्या वहीवर संसार चालवत. सेंट्रल बँकेने १९८० सालीच देशात क्रेडिट कार्ड आणलं होतं, पण आमच्या घरी कुणी त्याची दखल घेतली नाही. वहीत लिमिट नव्हती. वाणी फक्त चष्म्यावरून बघायचा आणि त्या नजरेतच स्कोअर असायचा. शिवाय वडिलांना उधारीची लाज वाटायची. मी उधारी मिळावी म्हणून भांडतोय आणि ती माझा हक्क असल्यासारखं भांडतोय, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं असतं?

पुढच्या एका फोनला एक मुलगी होती. तिने हिंदीत नियम सुरू केला, मी मराठीत सुस्कारा टाकला, आणि पलीकडून एकदम सोलापूरकडचा हेल आला. “सर, एक सांगू का? कॉल रेकॉर्ड होतोय, म्हणून मी काही सांगत नाही. पण तुम्हाला कार्ड बंद करायचंय का?”

“नाही हो. मला फक्त...”

“काका,” ती म्हणाली. मघापर्यंत मी सर होतो. “तुम्हाला कार्ड बंद करायचंय का, असं विचारतेय मी.”

मग पेटला दिवा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक नियमांत एक गोड कलम आहे. ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं आणि थकबाकी नसेल, तर बँकेने ७ कामकाजी दिवसांत ते बंद करायचं. नाही केलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो थेट ग्राहकाला. म्हणून ‘बंद’ म्हटलं, की बँकेत घंटा वाजते आणि फोन वेगळ्या खात्याकडे जातो. तिथे मने वळवणारी माणसं बसतात.

“करायचंय,” मी म्हणालो. “व्हिसाचं. आत्ता.”

त्या खात्यातल्या माणसाइतकं हळुवार माझ्याशी लग्नानंतर कुणी बोललेलं नाही. आमचं काय चुकलं, सर? इतक्या वर्षांचं नातं, सर. वार्षिक फी माफ करू? रिवॉर्ड पॉइंट देऊ? मी गादीचं रडगाणं पुन्हा गायलो. तो म्हणाला, “एवढंच ना? ते तर होतं.” ते तर होतं! इतके दिवस जे धोरणात बसत नव्हतं, ते टायपिंगच्या चार खटखटींत बसलं. सर्व्हिस रिक्वेस्टचा एक लांबलचक नंबर मिळाला. तो मी भाजीच्या पिशवीवर लिहून घेतला. हाताशी तेवढंच होतं.

दोन दिवसांत एसएमएस आला. व्हिसाची लिमिट आता अडीच लाख. अगदी बरोबर. रुपे कार्ड उघडलं, तर तिथे २० हजारच.

मग सुरू झालं ते खरं. ५० हजार एकीकडून निघाले होते आणि दुसरीकडे पोचले नव्हते. फोनवर विचारलं, कुठे आहेत? “सर, प्रोसेसमध्ये आहेत.” म्हणजे नेमके कुठे? “सर, बॅकएंडला.” मी रागावलो. जोरजोरात. ‘माझे ५० हजार गेले कुठे’ असं मी गॅलरीत उभा राहून ओरडत होतो आणि शेजारचे जोशीकाका काळजीने दार उघडून बाहेर आले. त्यांना वाटलं, सायबर चोरी झाली. पोलिसांत जाऊ म्हणाले, पायात चप्पलही घातली. त्यांना समजावून सांगायला बसलो आणि सांगता सांगता माझंच मला कळेना. पैसे माझे नव्हते. बँकेनेही ते कुणाला दिलेले नव्हते. कुणीच न दिलेले आणि कुणीच न घेतलेले पैसे हरवले होते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तुला जे कर्ज काढायचं नाहीये, ते काढता येत नाहीये?” आणि चप्पल काढून ते आत गेले.

दरम्यान रोज एसएमएस येत होता, ‘आपली विनंती यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. समाधानी आहात का?’ नाही असं कळवलं, की विनंती पुन्हा उघडायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा यशस्वी व्हायची. सरतेशेवटी बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला एक सभ्य पत्र धाडलं. ३० दिवसांत तड लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं लागेल, एवढीच त्यात नम्र आठवण. मुदत संपायच्या बेतात असताना एका रात्री, कुणीही फोन न करता, ५० हजार रुपेवर प्रकट झाले. इतके दिवस कुठे होते, कसे राहिले, विचारायची सोय नव्हती. पण आले.

परवा दुपारी जेवताना फोन वाजला. नवे रिलेशनशिप मॅनेजर. आवाजावरून नुकतेच पदवीधर झालेले.

“सर, तुमच्या व्हिसा कार्डाची लिमिट अडीच लाखच दिसतेय. तुमचं प्रोफाइल एवढं चांगलं असताना! ५० हजार वाढवून देऊ? तुमची संमती लागेल. ओटीपी सांगायचा नाही, फक्त ॲपमध्ये टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे.”

मी घास गिळला. “रुपेवर वाढवता का?”

पलीकडे थोडी खटखट झाली.

“त्यासाठी रिक्वेस्ट टाकावी लागेल, सर. टाकू?”