कोपर दुखलं की वरण बंद?

गणपती जवळ आले, नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला आणि पथकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागला: 'कोपर दुखतंय? युरिक अ‍ॅसिड वाढलंय. डाळी, दही बंद. तेलानं जोर लावून चोळा, हात गळ्यात बांधून ठेवा. तरी राहिलं तर एक इंजेक्शन, कायमचं मोकळं.'

युरिक अ‍ॅसिडचा गाऊट बहुधा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. रात्रीतून सांधा लाल, गरम होतो, पांघरूण टेकलं तरी कळ येते. पंचविशीतल्या मुलींना तर तो क्वचितच. आणि असला तरी दही-वरणाआधी बीअर आणि कलेजीकडे बघावं. (मेसेजमध्ये ती नावं का नसतात, हे आपण जाणतोच.)

ढोलवाल्याचं दुखणं साधं असतं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेली असते. टिपरू घट्ट आवळून तोच झटका हजारदा दिला की तिची झीज होते. भरलेली चहाची किटली उचलताना नेमकी तिथेच कळ येते. नाव टेनिस एल्बो, पण हा त्रास होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट धरलेलीच नसते. पोळ्या लाटून, चादरी पिळूनही तो होतो. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, पण ती वेळ फार थोड्यांवर येते. आतल्या बाजूला दुखत असेल तर कंडरा दुसरी, गोष्ट तीच. करंगळीत मुंग्या येत असतील तर मात्र नस दबतेय, तिथे हे उपाय लावू नका.

जोरात चोळणं? झिजलेल्या जागी आणखी घासणं. हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटतं, इतकंच.

हात बांधून ठेवणंही नको. सराव निम्म्यावर आणा, पण हात वापरात ठेवा. मनगट टेबलाच्या कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हातानं ती वर न्या आणि दुखऱ्या हातानं सावकाश खाली सोडा. हे रोज, दोन-तीन महिने. पट्टा बांधायचा तर कोपरावर नाही, दोन बोटं खाली.

इंजेक्शनचा सल्ला सगळ्यांत फसवा, कारण तो आधी खरा ठरतो. स्टेरॉईडनं काही आठवडे छान वाटतं. पण वर्षभरानं पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले जास्त बरे निघतात आणि घेतलेल्यांचं दुखणं जास्त वेळा उलटतं, असं अभ्यासांत दिसलंय. विसर्जन मिरवणुकीपुरता हात चालावा म्हणून टोचून घेणाऱ्यांनी दिवाळीचाही विचार करावा.

पडल्यावर कोपर सरळ होत नसेल, किंवा सुजून ताप आला असेल, तर बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.