काम काय हाय?

परवाच्या रविवारी वाडा पाहायला गेलो आणि अर्जदार होऊन परत आलो.

गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. नाव सांगत नाही, मेहुणी त्याच गावात दिलेली आहे. वाडा एका राजकारणी घराण्याचा. आधी देशमुखी, मग असेंब्ली, मग विधानसभा. मंडळी आता नागपूर-पुण्यात असतात आणि वाडा जतन करून लोकांना पाहायला खुला ठेवलाय. तिकीट नाही. असतं तर बरं झालं असतं. तिकीट काढलेल्या माणसाला कोणी 'काहून आला' असं विचारत नाही.

मे महिन्याचं ऊन. ढेलजेत, म्हणजे दरवाज्यालगतच्या ओसरीत, सतरंजीवर एक म्हातारबा बसलेले, पुढ्यात रजिस्टर.

"या, बसा. काय काम हाय?"

"वाडा पाहाले आलो, काकाजी."

"थे त झालं. काम?"

"काम काही नाही. नुसता पाहायचा आहे."

त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "कोठून आले?"

"अकोल्याहून."

"अकोल्याहून आले, एवढ्या उन्हात, अन् काम नाही." हे त्यांनी मला नाही, समोरच्या खांबाला सांगितलं. मग आवाज उतरवून, "बदली हाय का? लाजू नका."

"नाही हो."

"पोराची नोकरी?"

"पोरगा नववीत आहे."

"मंग आत्ताच आले थे बेस केलं. टाइम लागते."

रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. रकाने चार: नाव, गाव, मोबाइल, कामाचे स्वरूप. मी चौथ्या रकान्यात 'वाडा पाहणे' असं लिहिलं. काकाजींनी ते वाचलं, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि खोडलं.

"असं लिवलं त सायेब मले बोलतीन."

साहेबांचा हार घातलेला फोटो काकाजींच्या बरोबर डोक्यावर होता. हार चंदनाचा, म्हणजे जायला बरीच वर्षं झालेली.

एवढ्यात आमची ही चप्पल काढून सरळ आत निघून गेली. मी म्हटलं, "काकाजी, तिला नाही विचारलं?"

"बायामानसाचं काय काम राह्यते?"

मी बसून राहिलो. ढेलज ही जागाच मुळी माणूस थांबवून ठेवायला बांधलेली असते. निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. एवढ्या पाट्या बदलल्या, पण ढेलजेतला ओटा तोच. त्यावर बसायची पद्धतही तीच असणार, अर्धं बूड टेकून, पाय जमिनीला लावून, बोलावणं आलं की उठता यावं म्हणून. मी खाली पाहिलं. मी तस्साच बसलो होतो.

"अधिवेशनात याले पाह्यजे होतं तुमी," काकाजी म्हणाले. "डिसेंबरात समदे नागपूरले राह्यतेत."

वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, हे १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं गेलं. विदर्भाला त्यातून काय मिळालं यावर लोक अजून भांडतात. काकाजींना कॅलेंडर मिळालं.

पाऊण तास गेला. घसा कोरडा, आतून बायकोचा 'अगंबाई' असा आवाज. शेवटी न राहवून बोललो, "सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय. विठ्ठलचं विठाबाई झालंय."

आणि ते खरंच झालंय. सातबारा कॉम्प्युटरवर चढला तेव्हापासून माझा बाप बाई आहे. तीन वर्षं मी अर्ज देतोय. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य मी आता झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. कर्जासाठी गेलो तर समोरचा विचारतो, विठाबाई तुमच्या कोण?

काकाजींचा चेहरा उजळला. "असं बोला न मंग, बाप्पा!" रकाना भरला गेला. चहा आला. खारट होता, पण तो पाण्याचा दोष.

आत काय होतं? सागवानी खांब होते, त्यांना चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला. दोन-दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती होत्या, त्यांच्यावर सिमेंटचं प्लास्टर. मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकता आली पाहिजे. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, आणि या भागात तर लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटून प्लास्टरसकट पोपडे निघतात. निघालेच होते. जतन म्हणे.

पाट्या मात्र झकास. 'साहेबांची बंगई. बसू नये.' 'साहेबांची काठी.' 'साहेबांचा पानाचा डबा.' माजघरात पाटीच नाही. चुली, जातं, धान्याचं पेव, सगळं बिननावाचं. येणाऱ्या प्रत्येक कामवाल्याला भाकरी याच चुलीवरून मिळाली असणार. कोपऱ्यात एका बाईंचा फोटो, खाली 'साहेबांच्या सौभाग्यवती'. नाव नाही. ही त्या फोटोपुढेच उभी होती, 'अगंबाई' तिथलंच. माझ्या बापाला सातबाऱ्यावर चुकीचं का होईना, नाव तरी आहे.

निघताना काकाजींनी बिडीच्या बंडलाच्या कागदावर नंबर लिहून दिला. "बुधवारी लावा. सायेबाच्या कानावर घालतो." मी फोटोकडे पाहायचं टाळलं आणि कागद खिशात ठेवला. बाहेर येऊन हिला म्हटलं, काय वेडेपणा आहे हा. ती म्हणाली, "मग फेकून दे न कागद."

आज बुधवार. सकाळपासून दोनदा लावला. उचलत नाहीत.