केळीवाल्या दादांच्या कमेंटला उत्तर: खान्देशात बसून कोळंबीची उठाठेव कशाला?

राम राम दादा. कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की किनाऱ्यावरच्या कोळंबी तळेवाल्यांना बदलत्या हवामानात मदत पाहिजे असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं, आणि "इकडं रावेर-यावलला केळी उन्हात होरपळतेय, अन् तुम्ही समुद्रावरच्या मालदारांची वकिली करताय, त्यांनीच खारफुटी तोडली, जमिनी खारट केल्या, आता भोगू द्या." बरोबर ना? मग आता माझंही ऐका.

समुद्र आपल्याला वाटतो तेवढा लांब नाही भो. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की पाणी गुजरातेतल्या उकाई धरणात अन् उकाईतून सुरतेला, 2006 च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली ती याच तापीनं. आणि सुरतेत उधना-लिंबायतला आपल्याकडच्या कुठल्या गावाचं माणूस नाही ते सांगा. तिकडं ओलपाड-चोर्यासी भागात खाडीच्या कडेनं कोळंबीची तळी आहेत, माझा मावसभाऊ अशाच एका तळ्यावर कामाला होता. मालदार म्हणाल तर काही आहेत, नाही म्हणत नाही, पण बरेच जण तळं भाड्यानं घेतात, सीड (म्हणजे कोळंबीची पिल्लं) आणि खाद्य उधारीवर उचलतात, माल निघाला की आधी देणं फेडतात. आपल्याकडं कपाशीवाला कृषी केंद्राच्या वहीवर बी-खत उचलतो तसंच.

आता हवामानाचं. मे महिन्यात अवकाळी आला की काय होतं ते मावसभावानं सांगितलेलं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं, खारं जड पाणी खाली राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. कोळंबी राहते तळाशी, आणि तिथलाच ऑक्सिजन संपत जातो. मग हे लोक भर पावसात बांधावर पळतात, पाणी काढायच्या दाराची वरची फळी काढून वरचं गोडं पाणी सोडून देतात, बांधावर चुना टाकतात, खाद्य बंद, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू. आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते! डिझेल जनरेटर असला तर ठीक, नसला तर पहाटे कोळंबी कडेला येऊन वरवर पोहताना दिसते, म्हणजे खाली श्वास घ्यायला काही उरलेलं नाही. त्यातून वाचलीच तर पाण्याचा खारटपणा आणि तापमान एकदम खाली आल्यानं ती कमजोर पडते आणि व्हाईट स्पॉट या कोळंबीच्या रोगाचा व्हायरस डोकं वर काढतो, 1994 पासून आपल्या देशात ठाण मांडून बसलाय तो. उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम, 35 ला 7 च्याही आत, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी.

मी मदत म्हटलं तर तुम्हाला फुकटचं अनुदान दिसलं, पण मला तुमच्याकडं जे आहे तेच त्यांच्यासाठी हवंय. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, सलग काही दिवस पारा ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला किंवा वर चढला की भरपाई लागू होते, प्रत्येक बागेत पंचनाम्याला माणूस यायची वाट बघावी लागत नाही. कोळंबीवाल्याला असा विमा एवढा सहज हाताला लागत नाही. 2024 ला केंद्रानं मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत मत्स्यपालनाच्या विम्याला प्रोत्साहन ठेवलं, 2025 च्या एप्रिलला आपल्या राज्यानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, चांगलंच झालं, पण तळ्यावरच्या माणसाला उद्या किती पाऊस, लाईट जाईल का, हे वेळेवर कळणार नसेल तर नुसता दर्जा घेऊन काय करायचं? एरेटरवर सबसिडी देऊन फोटो काढण्यापेक्षा वेळेवर अंदाज आणि पाऊस-पाऱ्याच्या आकड्यावर मिळणारा विमा हे मला जास्त कामाचं वाटतं.

खारफुटीचं तुमचं बोलणं मात्र शंभर टक्के मान्य, त्यात वाद नाही. सुप्रीम कोर्टानं 1996 ला किनारपट्टीवरच्या कोळंबी प्रकल्पांना उगाच दणका दिला नव्हता, 2005 चा किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा त्यानंतरचाच, नोंदणी सक्तीची झाली. म्हणून माझं मत असं, की ज्यानं नोंदणी केली, सांडपाणी तसंच खाडीत न सोडता आधी निवळू दिलं, सीड मर्यादेत सोडलं, त्यालाच विमा द्या. दाटीवाटीनं सीड सोडणारे बदमाश आहेतच, त्यांना वगळा ना. पण खारफुटी तोडली एकानं आणि तळं बुडालं भलत्याचंच, तर त्याला ‘भोग’ कसं म्हणायचं?

राहिली केळी. केळीवरच्या सीएमव्ही या व्हायरसच्या रोगावर पोस्ट लिहितोच आहे. तोवर तुम्ही एवढं कळवा, की तुमच्या महसूल मंडळातलं हवामान केंद्र किती पारा दाखवतं आणि तुमच्या बागेत प्रत्यक्षात किती असतो. विम्याचं घोडं या फरकापाशीच अडतं असं आपल्याकडचे बरेच जण म्हणतात, आणि किनाऱ्यावर असा विमा आणायचा तर हाच घोळ तिथं आधी निस्तरावा लागणार.